जाळ

सकाळी सहाला लॅबचं शटर मी अर्धंच उघडते.
राजारामपुरीत तेव्हा फक्त दूधवाले जागे असतात
आणि पायरीवर बसलेली उपाशीपोटी माणसं,
चहा मिळाला नाही म्हणून जरा रागावलेली.
दंडाला पट्टा आवळला की बहुतेकजण
भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतात.

पिवळं झाकण, करडं झाकण, जांभळं झाकण.
मी नळ्या हलवते, नावं लिहिते.
रक्त अजून कोमट असतं.
कुठल्या तरी ग्रंथीनं पहाटे धाडलेला निरोप
पोचायच्या आधी मीच वाटेत गाठलेला असतो.
पोस्टमनच्या पिशवीत हात घातल्यासारखं वाटतं
कधी कधी.

माझा स्वतःचा आकडा अकरा पूर्णांक दोन.

पापाच्या तिकटीला भर वैशाखात मला थंडी वाजली होती.
कंगव्यात केस, पायांवर सूज,
कुकरची शिट्टी मोजतामोजता झोप.
नवरा म्हणाला, आळस. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट.
दोन्ही मी थोडं थोडं मान्यही केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळा काढला,
गळ्यात फुलपाखरू काढलं.
मला फुलपाखरू काही दिसेना.
मी वडणग्याच्या गुऱ्हाळावर वाढलेली.
मला दिसला चुलवणापुढं उकिडवा बसलेला
बिरू जळव्या.

वर काहिलीपाशी आण्णा, खाली बिरू.
मधे भिंत. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही.
आण्णा ओरडायचे, "घाल जाळ!"
बिरू चिपाडं सारायचा.
भेंडीच्या पाण्यानं मळी वर आली,
रस काठाला लागला,
की "दम धर!"
बिरू दम धरायचा.
एवढ्या दोन शब्दांवर अख्खं आधण उतरायचं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका असते म्हणे.
असेना. मी तिला आवाजावरनं ओळखते.
बिरूचे कान गेले त्या हंगामात
आण्णांची हाक ओढ्यापलीकडं ऐकू जायची.
वाटेनं जाणारे म्हणायचे, गुळव्या तापलाय आज.
तापलं काहीच नव्हतं.
जाळ कमी पडत होता, म्हणून हाक वाढली होती.

अकरा पूर्णांक दोन म्हणजे ती हाक.

आता पहाटे एक गोळी, पांढरी, मसुरीएवढी.
वर अर्धा तास चहा नाही.
बिरूच्या मदतीला ठेवलेला पोरगा समजा.

आण्णांचं दुखणं निराळं.
चाळीस हंगाम त्यांनी थर्मामीटर पाहिला नाही.
उकळत्या पाकात दोन बोटं, लगेच गार पाण्यात,
बोटांवर गोळी वळली की गूळ झाला.
ती बोटं आता माझ्या हातात असतात
आणि सुई पहिल्या टोचणीला आत जात नाही.
कातडी पाकानं राबलेली.
दुसऱ्यांदा टोचते तेव्हा ते माझ्याकडं बघतात,
कॅलेंडरकडं नाही.

दोनशे चाळीस.

"गूळ रक्तात एवढा, मग अंगात ताकद का न्हाई गं?"
मी म्हटलं, आण्णा, यार्डात ढेपांची थप्पी लागलीय
पण सौदा बंद आहे.
इन्शुलिन ओरडतंय, दारं कुणी उघडत नाही.
बराच वेळ गप्प बसले.
असा बंद त्यांनी दोनदा पाहिलेला,
दमट हवेत पाझरत पडलेला माल
आणि घरात रिकामा डबा.
"हमाल म्हातारा झाला म्हण की," म्हणाले,
आणि शेंगदाण्याची वाटी हळूच आपल्याकडं ओढली,
ज्यात खाली काय लपवलंय
ते मला माहीत होतं.

सहा आठवड्यांनी नीलोफरनं माझं रक्त काढलं.
मी कॅलेंडरकडं बघितलं.
संध्याकाळी आण्णांचा फोन, "किती?"
"चार."
"आन् आधी?"
"अकरा."
पलीकडं चूळ भरल्याचा आवाज.
"मग डोस्क्यातल्या त्या वाटाण्याला सांग,
आता हळू बोल म्हणावं.
बिरूला ऐकू यायला लागलंय."