डावीकडं काहीच नाही

विश्रामबागेतल्या कॉलेजात, जेवणानंतरच्या तासाला,
तांबोळी मॅडमनी फळ्यावर लिहिलं:
बायनरी ट्री म्हणजे
एकतर काहीच नाही,
किंवा एक नोड, त्याच्या डावीकडं एक बायनरी ट्री
आणि उजवीकडं एक बायनरी ट्री.

मी हात वर केला. मॅडम, हे म्हणजे
मणेराजुरीला कसं जायचं विचारलं
तर आधी मणेराजुरीला जा, असं झालं.
वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.
पहिली ओळ परत वाच, म्हणाल्या, आणि खडू झटकला.

पहिल्या ओळीत काहीच नव्हतं.
तसंच तर लिहिलं होतं.

रविवारी बागेत गोडी छाटणी.
इलाहीमामा पुढं कात्री चालवतात,
मी मागून डोळ्यांना पेस्ट लावत जाते.
खोड तारेपाशी येतं, दोन ओलांडे होतात,
ओलांड्यावर काड्या, काडीवर डोळे
(दोनाहून जास्तच; वेल काही व्याख्या वाचून वाढत नाही).
सहज म्हणून तळहातानं खोड झाकलं.
डावा ओलांडा उरला; तोही वेलच.
ओलांडा झाकला. काडी. तीही.
काडी झाकली, टोकाचा डोळा तेवढा ठेवला.
मग तोही झाकला
आणि पुढं झाकायला काही नव्हतं.
म्हणून तर थांबता आलं.

सतराव्या ओळीत एका वेलाचा डावा ओलांडा
खोडकिड्यानं खाल्लाय. अठराव्यात एकाचा उजवा.
मी म्हटलं, दोन्ही सारखेच की, एकेका हाताचे.
मामा थांबले.
बांधाकडं तोंड करून उभी रहा, म्हणाले, आता सांग.
ह्याला ह्या अंगानं फुटवा काढायचा, त्याला त्या अंगानं.
सारखे कुठनं?
रिकाम्या तारेवर त्यांनी
सुतळीची एक गाठ मारून ठेवली होती,
जागा धरल्यासारखी.

दुपारी भाकरी खाताना वहीत मी दोन्ही वेल काढले.
जिथं काही नाही, तिथं तीन आडव्या रेघा,
खाली लहान होत गेलेल्या,
वायरमन अर्थिंगला काढतो तशा. मॅडमची खूण.
मामांनी मान वाकडी करून बघितलं.
हे काय, म्हणाले,
मातीत पुरलंस व्हय कुणाला?