कोबीचा आवाज

गळा दाबल्याचा आवाज
मी ओल्या चामडी हातमोज्यातून काढला.
बरगडीसाठी सेलरी, गुडघ्यासाठी गाजर,
आणि डोक्यासाठी, हसू नका, कोबीचा गड्डा:
थंडीत रात्रभर गॅलरीत ठेवलेला,
बाहेरून कडक, आत पाणी धरून बसलेला.

आमचा गेम तिघांचा. ब्र्नो शहरात, लीशेनच्या
एका सिमेंटी इमारतीत, पाचव्या मजल्यावर जन्मला.
ओताकारनं चित्रं केली, झ्देन्येकनं वेग,
मी आवाज. नायकाच्या हातात हातोडा,
अकरा मजले, आणि एका फटक्यात मरण,
समोरच्याचं नाहीतर तुमचं. मेलात
की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा दाराशी उभे.
शोक करायला आम्ही जागाच ठेवली नव्हती;
झ्देन्येक म्हणायचा, लय तुटते.

आता मतं येऊ लागली आहेत.
ग्राझचा एक जण लिहितो, ही हिंसा नव्हे, हे नर्तन.
दहापैकी नऊ.
टार्टूची एक बाई: तेराव्या मिनिटाला मला
माझ्याच बोटांची किळस आली, पण बोटं थांबेनात.
दहापैकी सहा, आणि ते सहाही बोटांचे.
कुणी मोजून सांगितलं, मी अकराशे चाळीस वेळा मेलो
आणि एकदाही कंटाळलो नाही.
कुणी म्हणालं, रक्त फार गुलाबी.
कुणी म्हणालं, रक्त हवं तेवढंच गुलाबी.
लिंत्सच्या एका प्राध्यापकांनी तर चार पानं खर्ची घातली:
मरणाऱ्यांना चेहरेच नाहीत,
हे म्हणे आपल्या काळावरचं भाष्य.
ओताकारनं ती पानं दोनदा वाचली,
मग हळूच म्हणाला, सोळा ठिपक्यांत
मला नाक जमत नव्हतं गं.

आवाजाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. रसरशीत.
हाच शब्द, तीन भाषांत.
मी तो फोनवर आईला वाचून दाखवला,
कशाबद्दल ते सांगितलं नाही.

भिंतीपलीकडे बोहुमिलाबाई राहतात.
वय एक्क्याऐंशी. एकतीस वर्षं
इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात नर्स.
गेम त्यांनी पाहिलेला नाही,
दोन हिवाळे भिंतीतून ऐकलाय फक्त.
परवा दार वाजवलं, हातात रिकामं पातेलं.
फुटलेल्या गड्ड्यांचं काय करता, म्हणाल्या,
मला द्या, आंबवून ठेवते.
आणि निघता निघता, जिन्यातल्या दिव्याचं बटण चाचपत:
हाड असं मोडत नाही, पोरी.
फडक्यात गुंडाळलेली ओली काडी मोडावी, तेवढंच.
माणूस लगेच ओरडतही नाही.
आधी विचारतो, किती वाजले.
नाहीतर, माझा दुसरा बूट कुठंय.

हे मत कुठं छापून आलं नाही. त्याला आकडा नाही.
कुसळ डोळ्यात जातं म्हणतात,
माझ्या कानात गेलं.

झ्देन्येकशी भांडभांडून मी पाऊण सेकंद मिळवला.
फक्त पाऊण, फक्त सातव्या मजल्यावर,
जिन्याजवळच्या एकाच बिनचेहऱ्याच्या माणसापुरता:
फटका. ओली काडी. संगीत बंद.
आणि तो विचारतो, किती वाजले?
आवाज बोहुमिलाबाईंच्या भाच्याचा. तो ट्राम चालवतो,
त्याला हे रोज कुणी ना कुणी विचारतंच.

नवी आवृत्ती मंगळवारी बाहेर पडली.
आजवर एकच तक्रार:
सातव्या मजल्यावर गेम अडखळतो.
आवाज जातो, कुणीतरी काहीतरी पुटपुटतं,
तेवढ्यात मागून आपल्याला बसते.
दुरुस्त करा.

झ्देन्येक माझ्याकडे बघतो. मी घड्याळाकडे.
पलीकडून बरणीचं झाकण
घट्ट फिरवल्याचा आवाज येतो,
आणि सवयीनं
मी माइक चालू करते.