मधल्या चार मात्रा

चार वाजताच येऊन बसतो आम्ही,
पायऱ्या अजून तापलेल्याच असतात.
खाली पेपर, पेपरावर दुपट्टा, दुपट्ट्यावर मी.
शेजारी इंदोऱ्याचा तुळशीदास रंगारी,
दर वर्षी म्हणतो, यंदाचं शेवटचं.
मागे कामठीची मंडळी, डबे घेऊन,
आपल्या बँडची वाट बघत संत्री सोलणारी.

मैदानात चुन्याच्या रेघा.
परीक्षकांच्या टेबलावर कागद, कागदावर रकाने:
ताल, रांग, वेश, शिस्त.
आम्ही जे बघायला येतो
त्याला रकाना नाही.

रंगारीला वळण बघायचं असतं.
चाळीस जणांची रांग कोपऱ्यावर वळते तेव्हा
आतला पोट्टा जागच्या जागी पाय मारतो,
बाहेरचा जवळजवळ धावतो,
अन् तरी रांग फुटत नाही.
तेवढं जमलं, म्हणतो, का माहं पेन्शन वसूल.

माझं वेगळं आहे.
गेल्या साली एकांनी मशाली फिरवल्या,
एकांनी पाच रंगांचा धूर सोडला;
धूर विरला, टाळ्याही विरल्या.
मला धूर नको.
मला हवं, ऐन भरात, बिगुल गळ्यापर्यंत आलेले असताना
सगळ्यांनी थांबावं.
चार मात्रा. फक्त चार.
काठ्या हवेत, छात्या फुगलेल्या,
आणि त्या चार मात्रांत
झाशी राणी चौकातला एक हॉर्न ऐकू यावा,
वरून जाणाऱ्या मेट्रोची घरघर,
कुणाच्या तरी डब्याचं झाकण.
मग एकदम सगळं.

ब्याऐंशी साली पाचपावलीच्या बँडात
मोठा ड्रम माझ्या छातीवर होता.
चारांतल्या तिसऱ्या मात्रेला
माझा हात पडला.
एकटा धम्.
अर्ध्या गुणाने ढाल गेली.
आमचा कप्तान मोतीराम नंदेश्वर
काही बोलला नाही.
त्या रात्री मला सावजीकडे नेलं, पोटभर जेवू घातलं,
सगळ्या जगाचं बोलला, ड्रमचं सोडून.
ते तिखट अजून उतरलेलं नाही.

यंदा सातव्या नंबरला पारडीची पोरं आली.
गणवेश उसने, एकाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली.
पुढे छडी घेऊन एक काटकुळी मुलगी.
वळण बरं घेतलं. रंगारी हुंकारला.
मग ते थांबले.
एक. दोन.
आणि मागच्या रांगेतून
धम्.

मी डोळे मिटले नाहीत, एवढंच सांगतो.
तो पोरगा. त्याचे कान.
टेबलावर तीन पेनं एकदम वाकली.

वाजणं पुढे चालू झालं. मुलगी वळली नाही.
चालता चालता डावा हात पाठीमागे नेला
आणि तीन बोटं उघडली.
वरून आम्हाला दिसलं, खाली टेबलावाल्यांना नाही.
दुसऱ्या फेरीत पुन्हा तीच जागा आली.
बिगुल थांबले, काठ्या थांबल्या.
एक. दोन.
धम्,
चाळीसच्या चाळीस.
पायरी माझ्या खालून हलली.

"हे बसवेलच होतं का बे?" रंगारीने विचारलं.
मी संत्र्याच्या साली गोळा करत होतो,
माझ्या नव्हत्या, तरी.

पारडी तिसरी आली.
कामठीने ढाल नेली, रीतसर, हक्काने.
बाहेर टेम्पोत ड्रम चढवत होती पोरं;
तो दुमडल्या बाहीचा दोरी सैल करत बसलेला.
मी जवळ गेलो. काय म्हणणार?
"कुठल्या शाळेचा?" विचारलं.
त्याने सांगितलं. गर्दीत नीट ऐकू आलं नाही.
मी मान हलवली.

रंगारी म्हणाला, पुढच्या वर्षी लवकर येऊ,
सावलीतली पायरी धरू.