दाराखालची फट

देवबागेत आमचं घर अशा जागी
की मागच्या दारी नदी, पुढच्या दारी समुद्र,
आणि मध्ये दोन वर्षं तीन महिन्यांची तन्मयी,
जिला दोन्हीकडे एकाच वेळी जायचं असतं.

तिला आलेलं पहिलं अख्खं वाक्य : ह्या काय?
कुर्लीला, गॅसच्या बटणाला, माझ्या नाकपुडीला,
सगुणावैनींच्या कोंबडीला मागून, शेपटी वर करून.
एकदा तर झोपेत, अंधाराकडे बोट दाखवून.
मी सांगतो. ती ऐकून घेते.
मग तीच वस्तू उलटी धरते
आणि पुन्हा विचारते.

या आठवड्यात रिमोट तांदळाच्या डब्यात सापडला,
तांदूळ माझ्या बुटात.
बांगड्याच्या तिखल्यात दहा नंबरचा नट आला
तेव्हा रेश्मा म्हणाली, तुझंच इंजिन, तूच चाव.

मंगळवारी रेश्मा उपकेंद्रावर, लसीकरणाचा दिवस.
पडवीत होडीच्या इंजिनाचा कार्बोरेटर उघडा टाकून
मी हात धुवायला न्हाणीत शिरलो
आणि बाहेरून टक् झालं.
खालची कडी.
मीच बसवलेली, गुडघ्याच्या उंचीवर,
कुत्रं आत शिरू नये म्हणून.

बाय, कडी काढ.
शांतता.
तन्मयी, कडी. वर कर. वर.
पावलं लांब गेली, थप थप थप,
आणि मला एकदम आठवायला लागलं घर :
गॅस बंद केला का, विहिरीवर जाळी ओढली का,
मागचं फाटक, पेट्रोलचा डबा, सुरी.
इतकी वर्षं मी जो समुद्र ऐकतच नव्हतो
तो असा गाजायला लागला
जणू कुणीतरी त्याला घरात बोलावलंय.

हाका मारल्या. रागावलो. गोड बोललो.
काही नाही.
मग का कोण जाणे,
तिचंच वाक्य ओरडलो : ह्या काय?

थप थप थप.
दाराखालच्या फटीतून चार बोटं आली
आणि एक शिंपली.
"शिपी," तिने सांगितलं, जरा कंटाळून,
मला एवढंही येत नाही म्हणून.

ह्या काय? – सुकं कोकम. "आंबाट."
ह्या काय? – स्पार्क प्लग. "बाबाचा."
ह्या काय? – अर्धं बिस्कीट, ओलं,
त्याला पेट्रोलचा वास. "खा."
मी खाल्लं.
चावल्याचा आवाज नीट ऐकून घेतला तिने,
तेव्हाच पुढची वस्तू आली.
गप्प राहिलो की पावलं निघायची,
विचारलं की परत यायची.
आईच्या पर्समधली चावी आली, एक पीस आलं,
लाल मुंगळा आला स्वतःच्या पायांनी,
त्याचं उत्तर तिने दिलं नाही.

पर्यटकांच्या होड्या परतायला लागल्या, भोंगे वाजवत.
माझे प्रश्न घोगरे झाले.
फटीत आता बोटं नव्हती, एक डोळा होता.
गाल लादीवर टेकवून ती बघत होती
माझे तळवे, बादलीचा बूड, आतला काळोख.
"ह्या काय?"
बाबा, मी म्हणालो.
तिने बराच विचार केला.
"नाय."

अंडं शोधत सगुणावैनी आल्या.
अरे मेल्या, तुका कोणी कोंडल्यान?
कडी वर सरकली, आणि दारात ती उभी,
कोपरापर्यंत ग्रीस, केसांत ग्रीस,
माझ्याकडे अशी बघत
जशी घरी येऊन गेलेल्या पाहुण्याकडे बघावं.

गॅस बंद होता. जाळी ओढलेली होती.
फाटक उघडं होतं. कार्बोरेटर कुठेच नव्हता.

बुधवारी मी ती कडी काढली.
चार स्क्रू होते, तळहातावर तीन उरले.
तिला विचारलं तर ती तोंड मिटून हसली.
घाबरून जबडा उघडला, बोट फिरवलं,
जिभेखाली पाहिलं, गालफडात पाहिलं.
स्क्रू नव्हता.
अगदी मागे, डाव्या बाजूला,
तांदळाच्या कणीएवढी एक दाढ
वर आलेली, मला न सांगता.