मूल क्रमांक १७

नाव सांगता येत नाही.
संमतिपत्रावर तिच्या आईच्या सहीखाली माझीही सही आहे.
तेव्हा सतरा.
वय चार वर्षं तीन महिने,
फहाहीलच्या बालवाडीत खिडकीकडून दुसरी खुर्ची.
घरात दाभोळ खाडीपलीकडची बोली,
शाळेत इंग्रजी, जिन्यात अरबी,
आणि रुसली की कुठलीच नाही.

बाहेर सकाळपासून धूळ.
मिस रोवेनानं खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबलेत,
तरी माझ्या पत्त्यांवर बारीक पिवळं पीठ बसतं.
पत्ते चार: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला.
गोष्ट वाचायची आणि विचारायचं,
बाहुलीला आता कसं वाटत असेल? दाखव.
मदत करायची नाही. भुवई उचलायची नाही.
(मान डोलावणं हीसुद्धा मदत असते
हे कळायला मला दोन वर्षं लागली.)

बाहुलीचा फुगा फुटला.
रडका. एक गुण.
बाहुलीला बघून कुत्रं भुंकलं.
घाबरलेला. एक गुण.
सोळा इथे म्हणाला होता, कुत्रंच घाबरलं असेल,
एकटं होतं ना ते.
त्यासाठी रकाना नव्हता.

बाहुलीचे बाबा घरी नाहीत. बाबांचा फोन आला.

इथे हसरा यायला हवा.
चाचणी ज्या गावात तयार झाली
तिथले बाबा संध्याकाळी सहाला घरी येतात,
आणि फोन करतात तो
येताना दूध आणू का, हे विचारायला.

सतरानं चारही पत्ते पालथे घातले.
एकेक, कडा जुळवून,
पगाराच्या दिवशी मोठी माणसं नोटा लावतात तसे.
मग माझीच पेन्सिल घेऊन वरच्या पत्त्याच्या कोऱ्या पाठीवर
एक गोल.
दोन डोळे, त्यातला एक अर्धवट मिटलेला.
तोंड उघडं, शब्दाच्या मध्येच.
आणि कपाळावर अजून एक गोल, चिमुकला,
त्यावर ती पेन्सिल फिरवत राहिली,
फिरवत राहिली,
पुठ्ठ्याला भोक पडेपर्यंत.

तिचे वडील टगबोटीवर असतात.
बोट शुऐबा बंदर सोडून लांब गेली की फोनवरचं चित्र अडकतं.
आम्ही ठेवून देतो, आई म्हणाली,
ही मात्र धरून बसते.
पण हे मला नंतर कळलं, दुपारी, न्यायला आल्यावर.
तेव्हा मी विचारलं फक्त
(तेही विचारायचं नसतं):

हा रडतोय का?
नाय.
हसतोय?
नाय.
मग?

तिनं माझ्याकडे पाहिलं.
वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलाकडे
एखादी चांगली बाई पाहते, तसं.
"येताय अजून."

रात्री मार्गदर्शकांची मेल आली.
प्रतिसाद अवैध धरावा. पत्ता खराब झाल्याने नवा संच मागवावा.
बरोबर आहे त्यांचं.
एका मुलावरून काही सिद्ध होत नाही,
आणि मला यंदा प्रबंध द्यायचाय.
तक्त्यात सतरासमोर मी शून्य काढलं.
काढताना हात जरा जास्त वेळ गोल फिरला, इतकंच.

तो पत्ता मी परत पाठवलेला नाही.
उजेडासमोर धरला की कपाळातल्या भोकातून
समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या डिश दिसतात,
धुळीनं माखलेल्या,
सगळ्या एकाच दिशेला तोंड करून.

त्या सकाळी सतरा उठून गेली आणि अठरा आला.
मी नवे पत्ते मांडले, गोष्ट उघडली,
कसं वाटतं, दाखव, म्हटलं.
तो म्हणाला, शू लागली.