पन्नास टक्के सावली

जळगावच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
मी खिडकीपासून लांबची खुर्ची मागितली.
जुलेखाताई तडवींनी आधी पडदा ओढला,
मग फाइल उघडली.
असं आधी कुणी केलं नव्हतं.

चोपड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली मी,
ऊन चढायच्या आत विदगावचा पूल ओलांडायचा म्हणून.
मोडक्या काडीची छत्री मांडीवर,
आणि गालांवर तो डाग, नाकावरून इकडून तिकडे,
ज्याला गल्लीत कुणी वांग म्हणालं, कुणी नवऱ्याचा हात.
हितेंद्रनं जन्मात हात उगारलेला नाही.
लग्नकार्यात बिचारा
माझ्यापासून दोन पावलं लांब उभा राहतो.

ल्युपस.
शेजारच्या काकू अजून लुपस म्हणतात,
नव्या खताचं नाव असावं तसं.

ताईंनी कागदाच्या कोऱ्या पाठीवर गोळ्या काढल्या.
ही गोल. दिवस गेले तरी सोडायची नाही.
ही लांबट, जांभळट. ही पोटातल्या बाळाला घातक;
मूल हवं असेल तर आधी डॉक्टर ही बदलतील,
मग थांबायचं.
किती?
आजार सहा महिने तरी गप्प हवा,
लघवीत प्रथिनं नकोत, रक्तदाब आवाक्यात.

मग मी सांगितलं
गेल्या पोळ्याच्या आठवड्यात जे गेलं त्याबद्दल.
नऊ आठवड्यांचं.
ती लांबट गोळी तेव्हा मी रोज घेत होते,
नेमानं, जेवणानंतर.

तुझी चूक नाही, असं त्या लगेच म्हणाल्या नाहीत.
पेन खाली ठेवलं. पाणी दिलं.
मग म्हणाल्या, हे आमच्याकडून तुला सांगायचं राहिलं.
राहिलं.
तव्यावर भाकरी राहून जाते तसं.

तोवर पोट राहू द्यायचं नाही, त्या म्हणाल्या,
पाळणा लांबवायच्या नेहमीच्या गोळ्या तुला नकोत,
तुझं रक्त गुठळ्या धरतं. तांबी बसवू.
तांबी म्हटल्यावर मला आईच्या देवघरातली
चिंचेनं घासलेली पळी आठवली
आणि मी हसले. त्याही हसल्या, कारण न विचारता.

"आणि तुला हवंय का?"
काय?
"मूल."
त्यांना हवंय, मी म्हणाले.
"ते मी त्यांना विचारीन."

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.
ताईंनी ती ओळ कोरीच सोडली,
मी पाहिलं.

मी केळीच्या रोपवाटिकेत हिशेब लिहिते, हिरव्या जाळीखाली.
बाटलीतलं रोप सरळ वावरात लावलं
तर संध्याकाळपर्यंत करपतं,
हे मी रोज दहा जणांना समजावते:
भाऊ, घाई करू नका,
आधी पन्नास टक्के सावली, मुळं धरू द्या.
ते ऐकतात. पैसे मोजतात. थांबतात.
आणि मी दोन वर्षं
स्वतःवरच्या सावलीला शिक्षा समजत होते.

रात्री सासूबाईंनी विचारलं, "काय सांगं डाक्टरनी?"
मी गोळ्या सांगितल्या, सहा महिने सांगितले,
तांबी थोडी भीत भीत.
आणि तो प्रश्न.
त्या कपाशीच्या वाती वळत होत्या.
एक वात वळून झाली, दुसरी अर्ध्यावर थांबली.
"माले तं कोनी इचारंच नही वं माय.
सात येळ."

त्यांची चार जगली. हितेंद्र सहावा.
उरलेल्या तिघांची नावं मी कधी ऐकली नव्हती,
त्या रात्री दोन ऐकली.
तिसऱ्याला नाव ठेवायला वेळच नव्हता.

सकाळी छत्री उघडली
तर मोडकी काडी दोऱ्यानं बांधलेली,
घट्ट, सात-आठ वेढे.

हवंय का, ते मला अजून ठाऊक नाही.
मंगळवारी तांबी.