रुमालाखाली

मार्केट यार्डात चोवीस वर्षं हळदीचे ढीग पाहिले.
मूठभर कांडी हातात घेतली की
कुठल्या शिवारातली, किती वाळलेली, सांगतो मी.
घरातलं सोळा वर्षांचं पोरगं मात्र
ओळखू आलं नाही.

आधी तो नुसता बसायचा.
खिडकीशी, दप्तर न उघडता,
जूनपासून पार दिवाळीपर्यंत.
मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली,
तुरीच्या डाळीएवढी.
म्हणाल्या, तीन आठवडे धीर धरा.

अकराव्या दिवशी श्रेयांस उठला.
आम्हाला वाटलं, आला परत.
त्रिशलाने शिरा केला.
पण उठला तो बसेचना.
रात्री दोनला जिना चढायचा, जिना उतरायचा,
पाय असा हलायचा
जसं आतून कुणी शिलाई मशीन मारतंय.
बेसिनवरचा आरसा फोडला,
मग स्वतःच काचा वेचत म्हणाला,
"पप्पा, हे मी नाही करत.
माझ्या कातडीखाली मुंग्या सोडल्यात कुणीतरी."

त्या रात्री मी गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं.
त्रिशलाने ते काढलं, पदराने पुसलं,
आणि फोन लागेपर्यंत
हातात धरून बसून राहिली.

एकदम बंद करू नका, बाई म्हणाल्या.
अर्धी करा. रात्रीची सकाळी द्या.
एकटं ठेवू नका, पाकिटं कुलपात ठेवा.
आणि त्याला विचारा, मरावंसं वाटतंय का,
असं सरळ. विचारल्याने काही बिघडत नाही.
हो म्हणाला, तर वेळ न बघता घेऊन या.

सरळ.
अडतीच्या धंद्यात
मी कुणाला काही सरळ विचारलेलं नाही.

म्हणून दुकानातली जुनी चोपडी घरी आणली.
झोप, साडेतीन तास.
भाकरी, चतकोर.
राग, दुपारी, बहिणीवर. नंतर रडला.
आमचं घर दिवस मावळायच्या आत जेवणारं,
त्रिशला आता रात्री साडेनऊला कुकर लावते,
कारण त्याला भूक लागली तर तेव्हाच लागते.
शेजारचे मगदूम विचारतात, पोरगं दिसत नाही?
दाढ दुखतीय, म्हणतो आम्ही.
दोन महिने एकच दाढ.

पुरात आयर्विनची पातळी तासातासाला कळते,
चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका.
याचा आकडा
कुठल्या खांबावर रंगवलाय?

एक दिवस चोपडी त्याच्या हाती लागली.
"भाव काढताय माझा?"
फेकली असती तर बरं झालं असतं.
त्याने ती नीट मिटून
माझ्या चष्म्याशेजारी ठेवली.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला.
म्हटलं, बस. पूर्वी सौदा असा व्हायचा.
हातात हात, वर रुमाल,
बोटं दाबून भाव सांगायचा.
भोवती शंभर माणसं, कुणाला पत्ता नाही.
मी नवा होतो तेव्हा होतं हे, मग बंद झालं.
आपण करू. बोलायचं नाही, लिहायचं नाही.
एक बोट म्हणजे ठीक.
पाच म्हणजे...

हळदीच्या धुरळ्यात बसतो तसा घसा बसला.

पाच म्हणजे मरावंसं वाटतंय,
म्हणालो मी. सरळ.

"येड्यासारखं काय, पप्पा," तो म्हणाला.
पण हात टॉवेलखाली आला,
घामेजलेला, माझ्याएवढाच झालेला.
तीन बोटं दाबली.
चौथं टेकलं,
टेकून राहिलं,
उचललं.

स्वयंपाकघरात त्रिशला दूध तापवत होती.
तीन, मी म्हणालो.
तीन आणि थोडं.
असला भाव
यार्डात कधी निघाला नाही.
तिने काही विचारलं नाही,
गॅस बारीक केला.